ताबा नंतर, आधी मंगळवार : वेगळं होणाऱ्या बापासाठी

माझ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत भांडणाचं कारण विचारलंच नाही. मी चार पानं लिहून नेली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मुलीचे डॉक्टर कोण? वर्गशिक्षिकेचं नाव काय? मंगळवारी डब्यात काय असतं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली. तिसऱ्याला मी गप्प. "मग आधी मंगळवार शिका," त्या म्हणाल्या, "ताब्याचं नंतर बघू."

मला तेव्हा राग आला होता. पुढची तीन वर्षं कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर बसून कळलं की त्या दिवशीचा फुकटात मिळालेला सल्ला तोच होता. नंतर माझ्यासारखे बरेच बाप भेटले. बहुतेकांची फाइल बायकोच्या चुकांनी फुगलेली असते, आणि मुलाबद्दल शेवटी एक परिच्छेद. न्यायाधीशांना त्या एका परिच्छेदातच रस असतो.

पुढचं सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या बापासाठी आहे. विशेष विवाह कायदा, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कायदा यांत तपशील वेगळे आहेत. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, तिथल्या वाचकाने तिथलाच वकील गाठावा. मुलाचं हित सगळ्यात वर, हे सूत्र मात्र भारतातलं कुठलंही न्यायालय धरूनच चालतं.

घर सोडण्याआधी

सगळ्यात महागात पडणारी चूक कोर्टात होत नाही, घराच्या दारात होते. भांडण टिपेला जातं, नवरा बॅग भरतो, "तू आणि तुझं घर सांभाळ" म्हणतो आणि आईवडिलांकडे जाऊन राहतो. मूल आईजवळ राहतं. नोटिसा, वकीलपत्र, पहिली तारीख यात चार-सहा महिने सहज जातात. तोवर मुलाची घडी बसलेली असते आणि बसलेली घडी विस्कटायला कुठलंच न्यायालय चटकन तयार होत नाही. तुम्ही सहा महिने मुलाशिवाय राहिलात हे मग तुमच्याविरुद्धच वाचलं जातं.

घर सोडावंच लागणार असेल, आणि कधीकधी ते सोडणंच शहाणपणाचं असतं, तर त्याच दिवशी एक शांत मेसेज पाठवा: "आपल्यात वाद वाढू नयेत म्हणून मी काही दिवस आईकडे राहतोय. मंगळवार-गुरुवार तिला क्लासहून मी आणेन, रविवारी माझ्याकडे राहील. शाळेची फी नेहमीसारखी मी भरतोय." उत्तर येवो न येवो. आलं नाही तरी मंगळवारी क्लासच्या दारात हजर राहा. क्लासच्या बाई नको म्हणाल्या तर तमाशा न करता परत या आणि तसं लिहून ठेवा.

उलटी चूकही तितकीच वाईट. मुलाला उचलून गावी आजीकडे नेऊन ठेवायचं आणि फोन बंद करायचा. किंवा बायको मुलासह माहेरी गेली म्हणून दोन गाड्या भरून नातेवाईक तिथे न्यायचे. काका, मामा, गावचे सरपंच. असल्या मोहिमेतून मूल परत आलेलं मी एकदाही पाहिलं नाही, पोलीस ठाण्यात तक्रार झालेली मात्र तीनदा पाहिली.

माहेरी गेली असेल तर एक-दोन मेसेज, मग वकिलाची नोटीस, मग लगेच अर्ज. उशीर नको, कारण पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. महिने जात राहिले की मुलाची शाळा तिथली होते, दाखला तिथला होतो, आणि "सामान्यपणे" या शब्दाचा पत्ताही बदलतो. शिवाय २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती राहते तिथे घटस्फोटाचा अर्ज करता येतो. पुण्यातल्या माणसाने नांदेडच्या तारखा करायची तयारी मनात ठेवावी.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. रोज चार ओळी, त्याच दिवशी, पेनने. माझ्या वहीतलं एक पान असं होतं: "मंगळवार. ५.४० ला क्लासहून आणलं. पायऱ्यांवर पडली, गुडघा खरचटला, घरी धुऊन मलम लावलं, तिच्या आईला ६.१० ला फोटो पाठवून कळवलं. वरणभात खाल्ला, भोपळी मिरची बाजूला काढली. ७.५५ ला खाली सोडलं." बस. यात बायकोबद्दल एक शब्द नाही. दोन वर्षांनी उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला मुलीला काय आवडतं ते तरी माहीत आहे का?" तेव्हा ही वही कामाला आली.

वहीसोबत एक फाइल: फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पालकसभेच्या हजेरीची नोंद, शाळेच्या ॲपवरचे संदेश. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट यांच्या प्रती. मूळ कागद ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच राहू द्या, ते पळवून काही साधत नाही.

फोनमधल्या पुराव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक फार हात पोळून घेतात. व्हॉट्सॲपच्या प्रिंट नुसत्या जोडून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं (पूर्वी हेच ६५-ब होतं). मूळ फोन जपून ठेवा, बदलला तरी विकू नका. चॅट अर्धवट डिलीट करू नका, तुम्ही काय पुसलं ते समोरच्याकडे असतंच. पती-पत्नीचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. त्यावर उड्या मारत लोक चोवीस तास रेकॉर्डिंग करायला लागलेत. चालतं म्हणजे शोभतंच असं नाही. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे मूल रडतंय आणि तुम्ही फोन धरून उभे आहात, हे न्यायाधीशांनाही ऐकू येतं. मुलाकडून आईविरुद्ध काही वदवून घेतलेला व्हिडिओ तर चुकूनही दाखल करू नका. तो बुमरँग आहे.

कायद्यात बापाचं स्थान

"पाच वर्षांपर्यंत मूल आईचंच" हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ६ म्हणतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा 'सर्वसाधारणपणे' आईकडे असेल. म्हणजे अपवादाला जागा आहे, पण तो अपवाद सिद्ध करणं तुमच्या अंगावर, आणि "ती नोकरी करते" किंवा "ती रागीट आहे" एवढ्याने तो सिद्ध होत नाही. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यानंतर' आई असं लिहिलंय. त्यावर विसंबून काही बाप "कायद्याने मीच पालक" म्हणत छाती काढतात. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'त्यानंतर'ची धार काढून टाकली, आणि कलम १३ नुसार मुलाचं कल्याण हाच सर्वोच्च विचार. पालक असणं आणि ताबा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात कलम १७ आहे. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये एकटं बोलावतात, शाळेबद्दल विचारतात, कुत्र्याबद्दल विचारतात. पढवून पाठवलेलं मूल दोन मिनिटांत ओळखू येतं. "माझी आई क्रूर आहे" असं आठ वर्षांचं मूल बोलत नाही.

जानेवारी २०२० च्या यशिता साहू प्रकरणातल्या निकालाचा उल्लेख तुमच्या अर्जात जरूर असावा. मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाचा हक्क आहे, ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला पुरेशा भेटी मिळाल्या पाहिजेत, आणि प्रत्यक्ष भेटीशिवाय फोन-व्हिडिओ कॉलचा संपर्कही महत्त्वाचा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. संयुक्त ताब्याची कायद्यात सोय करावी असं विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात सुचवलं होतं, पण कायदा अजून तसा बदललेला नाही. न्यायालयं आपापल्या परीने, आणि पक्षकार संमतीने, तसं करतात.

कुठला अर्ज

घटस्फोटाचा दावा चालू असेल, तुमचा किंवा तिचा, तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा आणि भेटीचा अर्ज करता येतो. घटस्फोट नको, फक्त मुलाचा प्रश्न सोडवायचाय, तर पालक व पाल्य अधिनियमाखाली स्वतंत्र अर्ज. तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला असेल तर तिथे दंडाधिकारी तिला कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि त्याच कलमात तुमच्या भेटीची व्यवस्था करायचीही तरतूद आहे. ही दुसरी ओळ फार कमी लोक वाचतात. तिथेच भेटी मागा. नाहीतर दोन कोर्टांत दोन वेगळ्या गोष्टी चालू राहतात.

शहरात कौटुंबिक न्यायालय असेल (मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला) तर तिथे, नसेल तर दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीने येतो. परवानगी सहसा मिळते. वकील निवडताना एकच कसोटी लावा. तो पहिल्या दिवशी "४९८ चा (पत्नीने केलेल्या छळाच्या तक्रारीचा) काउंटर टाकू, तिला नाचवू" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर या. उत्पन्न कमी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, हेल्पलाइन १५१०० आहे.

दाव्याचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, स्वतः वाचायची सवय लावा. वकील सांगतात "तारीख पडली", रोजनाम्यात असतं "अर्जदार गैरहजर". तुमची गैरहजेरी म्हणजे तुम्हाला मुलाची पडलेली नाही, असा साधा अर्थ पुढच्या दिवशी काढला जातो.

पहिला अर्ज भेटीचा, आणि तोही तपशीलवार

अंतिम ताब्याचा निकाल लागायला वर्षं जातात. म्हणून पहिल्याच तारखेला अंतरिम भेटीचा अर्ज टाका. इथे बहुतेक अर्ज एका ओळीत मरतात: "अर्जदारास मुलास भेटण्याची परवानगी मिळावी." त्यावर आदेशही तसाच येतो, "परस्परसंमतीने भेट द्यावी." परस्परसंमती असती तर तुम्ही कोर्टात आला असता का?

मागणी वेळापत्रकासारखी करा. माझ्या अर्जातली मागणी साधारण अशी होती:

"दर मंगळवार व गुरुवार, शाळा सुटल्यापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत, अर्जदार शाळेतून घेईल व प्रतिवादीच्या सोसायटीच्या गेटवर सोडेल. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा. इतर दिवशी रात्री आठ वाजता पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग एका वर्षी एका पालकाकडे, दुसऱ्या वर्षी उलट. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. मुलीच्या वाढदिवशी किमान दोन तास. आजारपणामुळे भेट रद्द झाल्यास पुढच्या पंधरा दिवसांत बदली दिवस."

सगळं लगेच मिळत नाही. मला पहिल्या आदेशात महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास, तेही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, एवढंच मिळालं. मुक्काम नाही, मंगळवार नाही. पण मागणी लेखी असली की प्रत्येक पुढच्या अर्जात "मागील भेटी सुरळीत पार पडल्या, सबब पुढील टप्पा द्यावा" असं म्हणता येतं. पायरी-पायरीने. कोर्टाच्या खोलीतून बागेत, बागेतून घरी, दिवसातून मुक्कामात. एकदम शिखर मागणाऱ्याला तळाशीच ठेवलं जातं.

वेळापत्रक मागण्याआधी ते निभावता येईल का ते स्वतःशी तपासा. शिफ्टची नोकरी असेल तर ऑफिसकडून वेळा बदलून मिळतील असं पत्र आणा. मूल आल्यावर कोण स्वयंपाक करणार, झोपणार कुठे, तुम्ही ऑफिसात असताना कोण बघणार, हे अर्जात लिहा. "माझी आई बघेल" एवढंच लिहिलं तर समोरून हमखास येतं: मग आई आजीपेक्षा वाईट का? तुम्ही स्वतः काय करणार ते लिहा.

मुलांची खोली

त्या खोलीत एक घसरगुंडी होती, एक तुटक्या चाकाचं प्लॅस्टिकचं घोडं आणि भिंतीवर रंग उडालेला ससा. पहिल्या शनिवारी मी मोठी पिशवी भरून खेळणी नेली. बाहुली, कोडी, रिमोटची गाडी. माझी मुलगी, तेव्हा साडेचार वर्षांची, आजीच्या पदराला धरून उभी. खेळण्यांकडे बघायला तयार नाही. वीस मिनिटं मी एकटाच गाडी फिरवत होतो, आणि कोपऱ्यात समुपदेशक मॅडम काही लिहीत होत्या.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी बाजार नका आणू. घरी तुम्ही तिचं काय करायचात?"

घरी मी रविवारी तिची नखं कापायचो. ते एक काम कायम माझं. पुढच्या वेळी खिशात नेलकटर घेऊन गेलो. काही न बोलता काढून जमिनीवर ठेवलं. दहा मिनिटांनी ती आली आणि हात पुढे केला. करंगळीपासून सुरू करायचं, हा तिचा नियम होता. मी चुकून अंगठा धरला तर तिने हात मागे घेतला, मग परत करंगळी पुढे. मॅडमनी त्या दिवशीही काहीतरी लिहिलं. नंतर न्यायालयाने मागवलेल्या अहवालात ते वाक्य होतं: मूल वडिलांशी परिचित दैनंदिन कृतीतून सहज जोडलं गेलं. तिसऱ्या महिन्यात भेटी खोलीबाहेर गेल्या.

यातून व्यवहारापुरतं एवढं घ्या. भेटीला वेळेआधी जा, रिकाम्या हाताने किंवा ओळखीची एखादी वस्तू घेऊन. पाच नातेवाईक नेऊ नका. आजी-आजोबांना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आधी परवानगी घेऊन. "आई काय करते, घरी कोण येतं" असले प्रश्न नकोत. सेल्फीचा भडिमार नको. मूल रडलं तर "बघा, तिला पढवलंय" असं ओरडू नका. कदाचित पढवलंही असेल, पण त्या क्षणी मॅडम तुमच्याकडे बघताहेत. निघताना मूल चिकटलं तरी वेळेवर परत द्या.

आणि समुपदेशकांशी बोलताना हे सगळं चार भिंतींतच राहील असं धरून चालू नका. तडजोडीची बोलणी वेगळी, पण मुलाबाबत न्यायालय अहवाल मागू शकतं. मध्यस्थीच्या टेबलावर मन मोकळं करायला हरकत नाही, जीभ मोकळी सोडायला आहे.

पैसे

२०२० च्या नोव्हेंबरात रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्र देणं बंधनकारक केलं. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणं, बँक स्टेटमेंट, गुंतवणुका, कर्जं. इथे लपवाछपवी केली तर ती उघड होतेच, आणि मग पैशाबाबत खोटा ठरलेला माणूस मुलाबाबत खरा कसा मानायचा, हा प्रश्न उभा राहतो. "पगाराच्या २५ टक्के द्यावेच लागतात" हा नियम नाही. एका निकालात तो आकडा निकष म्हणून आला आणि तिथून सगळीकडे पसरला. न्यायालय दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलाचा खर्च हे सगळं पाहतं. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून लागू होते, म्हणून आदेशाला दोन वर्षं लागली की थकबाकीचा डोंगर एकदम समोर येतो. आधीपासून थोडं बाजूला काढत राहा.

भेट आणि पोटगी एकमेकांत अडकवू नका. "ती मुलाला भेटू देत नाही, मी पैसे देत नाही" हे ऐकायला न्याय्य वाटतं, कोर्टात आत्मघातकी आहे. थकवलेल्या पोटगीसाठी वॉरंट निघतं, प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि भेटीच्या अर्जावर समोरचे वकील पहिलं वाक्य तेच म्हणतात. आदेश नसतानाही मुलाचा खर्च द्यायला सुरुवात करा. रोख नको, बँकेतून, रिमार्कमध्ये "जून, शाळा फी" असं लिहून. फी थेट शाळेला भरलीत तर ती पोटगीतून वजा होईल का, हे आदेशात लिहून घ्या, नाहीतर दोनदा भरावी लागेल.

नोकरी सोडून उत्पन्न शून्य दाखवायची युक्ती जुनी झाली. न्यायाधीश तुमची पदवी आणि अनुभव बघतात आणि तुम्ही कमवू शकता तेवढं धरतात.

तक्रार झाली तर

भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ, पती किंवा सासरच्यांनी पत्नीच्या केलेल्या छळाचा गुन्हा. पोलिसांची नोटीस आली तर पळू नका, हजर राहा, वकिलासोबत. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अशा गुन्ह्यांत आपोआप अटक करायची नाही, आधी गरज तपासायची. अटकपूर्व जामिनाचं वकिलाशी बोलून ठरवा. आरोप खोटा असेल तर त्याची लढाई त्या कोर्टात, पुराव्याने. खरा असेल, हात उगारला गेला असेल, तर प्रामाणिकपणे सल्ला घ्या, समुपदेशन सुरू करा, आणि सुरुवातीला देखरेखीखालच्या भेटी स्वतःहून मागा. हे लिहिणं काहींना टोचेल. पण बापांच्या गटांत ज्याला त्याला "खोटी केस" म्हणायची जी सवय लागलीय, तिने खऱ्या निर्दोष माणसाचंच नुकसान होतं.

संमतीने सुटताना

बहुतेक प्रकरणं शेवटी इथेच येतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब: किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिने थांबून दुसरा जबाब. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये ठरलं. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

खरी मेहनत कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे संमतीच्या लेखी अटींवर. लोक पोटगीच्या आकड्यावर तीन महिने घासाघीस करतात आणि मुलाचं कलम तीन मिनिटांत लिहितात: "मुलाचा ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क राहील." पाच वर्षांनी हेच वाक्य घेऊन ते परत कोर्टात येतात. वर लिहिलेलं वेळापत्रक तर हवंच. शिवाय शाळा बदलायची तर दोघांची लेखी संमती, प्रगतिपुस्तक आणि शाळेचे संदेश दोघांना, शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या उपचारांत दोघांना विचारणं, आणीबाणीत ज्याच्याकडे मूल त्याने निर्णय घेऊन लगेच कळवणं. पासपोर्ट कोणाकडे राहील, नूतनीकरणाला सही कधीपर्यंत द्यायची, परदेशी सहलीआधी किती दिवस तिकिटांची प्रत द्यायची. दोघांपैकी कोणी शहर बदललं तर काय. दहावी-बारावीच्या वर्षात मुक्काम कमी-जास्त कसे. गणपतीत गावी न्यायचं असेल तर दीड दिवस की पाच. हे वाचताना हसू येईल, पण आमची सगळ्यात मोठी अडचण गौरीच्या जेवणावरून झाली होती.

"मूल यापुढे वडिलांवर कसलाही हक्क सांगणार नाही" असलं काही टर्म्समध्ये घालू नका. मुलाचा पोटगीचा हक्क आईबापांना परस्पर सोडून देता येत नाही.

आदेश मोडला जातो तेव्हा

ठरलेल्या दिवशी गेटवर गेलात आणि मूल आलं नाही. ठरलेल्या वेळेपर्यंत थांबा, पोचल्याचा मेसेज करा, निघताना दुसरा करा. वहीत नोंद. दार बडवू नका. एकदा झालं तर सोडून द्या, मुलाला खरंच ताप असू शकतो. तीनदा झालं की तारखांच्या तक्त्यासह अर्ज द्या: बदली दिवस, भेटीची जागा बदलून मिळावी, गरज पडल्यास आदेशाच्या अंमलबजावणीची दरखास्त. अवमानाची याचिका हे शेवटचं हत्यार. ती दाखल केल्यावर घरातली उरलीसुरली बोलाचालीही बंद होते.

अंतरिम आदेश पटला नाही तर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली त्यावर अपील बसत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. दुसरा मार्ग जास्त वेळा उपयोगी पडतो. ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की त्याच न्यायालयात बदल मागता येतो. मूल पाच वर्षांचं झालं, शाळा बदलली, तुमची नोकरी बदलली, आईचं दुसरं लग्न झालं. दुसरं लग्न हा दोष नव्हे, पण वेळापत्रक नव्याने बसवायचं निमित्त नक्कीच.

समुद्रापलीकडे

न्यू जर्सी, लंडन, दुबईतल्या मराठी घरांसाठी दोन गोष्टी. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. म्हणून आई मुलाला घेऊन भारतात आली तर तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. भारतीय न्यायालय तो एक मुद्दा म्हणून बघतं आणि मुलाचं हित स्वतः ठरवतं. तिकडे तातडीने आदेश घ्या, इकडे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करण्याची याचिका. आठवडे मोजायचे, वर्षं नाही. मूल इथल्या शाळेत रुळलं की काम अवघड होतं. आणि तुम्हीच मुलाला गुपचूप इकडे आणायचा विचार करत असाल, तर अमेरिकेत तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

उलट दिशेचाही धडा आहे. २०२० मध्ये एका बापाला सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा ताबा दिला, आईच्या भेटींची हमी घेऊन केनियाला नेऊ दिलं. त्याने हमी पाळली नाही. न्यायालयाने आधीचा आदेश मागे घेतला आणि २०२२ मध्ये अवमानाबद्दल कैदेची शिक्षा सुनावली. त्यानंतर परदेशस्थ बापांना हमी देताना न्यायालयाची नजर आणखी बारीक झाली असेल, तर नवल नाही.

निकालानंतरचे कागद

हुकूमनामा झाला की सही-शिक्क्याच्या नकला मागवा, एक नाही, चार. एक शाळेत मुख्याध्यापकांना अर्जासोबत, दोन्ही पालकांचे नंबर नोंदवून घेण्याच्या विनंतीसह. एक पासपोर्टच्या कामासाठी. एक बँकेसाठी, मुलाच्या नावे खातं असेल तर. चौथी गाडीत. सुट्टीत मुलाला घेऊन जाताना वाटेत कोणी तक्रार केली, पोलिसांनी थांबवलं, तर हा कागद तिथल्या तिथे दाखवता येतो. लॅमिनेट करू नका, शिक्का उठून दिसत नाही. साध्या पाकिटात ठेवा. त्या पाकिटात मी एक जादा नेलकटरही ठेवतो, कारण मंगळवारी घरचं हमखास सापडत नाही.